कपाटाचं कुलूप आणि दोन बाणांचे मेसेज: एका वर्षाच्या नोंदी

बीड जिल्हा, पाटोदा तालुका. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, पट 84, शिक्षक चार. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. मुलांनी पुस्तकं वाचावीत आणि मोबाइलवर आलेलं सगळं खरं मानू नये, असं दुहेरी काम एकाच तासात बसवायचं ठरवलं. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नयेत, म्हणून लिहून ठेवतेय.

15 जून 2024

शाळा उघडली. पहिलं काम पुस्तकांचं कपाट. कुलूप गंजलेलं, किल्लीचा पत्ता नाही. तोडलं. नोंदवहीत पुस्तकं 412, हातात आली 371. खालच्या फळीला वाळवी. तिथली 26 पुस्तकं नुसती मातीची पानं झालेली, वरून मात्र कव्हरं शाबूत.

कपाट बंद का होतं याचं उत्तर सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. पुस्तक हरवलं की ते नोंदवहीत ज्याच्या ताब्यात त्याच्या अंगावर येतं. बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून द्यावं लागतं. मग देतं कोण मुलांच्या हातात?

27 जून

बारा दिवस याच एका गोष्टीत गेले. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घेतला: वर्षाला 40 पुस्तकं हरवतील किंवा फाटतील हे धरूनच वाटप करायचं, वर्षअखेर निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवायचा. एक सदस्य म्हणाले, "हरवायचा ठराव मी पहिल्यांदाच बघायलोय." सही मात्र केली. ज्यांना हे काम सुरू करायचंय त्यांनी पुस्तकखरेदीच्या आधी हा कागद करून घ्या.

6 जुलै

वऱ्हांड्यात दोरी बांधून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगली. फोटो छान आला. केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर अंगठे आले.

11 जुलै

फोटो काढण्यापुरतीच ती दोरी चांगली होती. पातळ पुस्तकं मधल्या पिनांपाशी फाटायला लागली, कारण सगळा भार चिमट्यावर. पहिली-दुसरीचा हात पोचत नाही, ती उड्या मारून ओढतात. काल वाऱ्यापावसात नऊ पुस्तकं भिजली. दोरी 60 रुपये, चिमटे 90, गेले.

20 जुलै

गावातल्या शिंप्याकडून खताच्या रिकाम्या गोण्यांची पडदी शिवून घेतली. चार ओळी, प्रत्येकीला सहा खिसे. पुस्तक खिशात उभं राहतं आणि कव्हर समोर दिसतं. सगळ्यात खालचा खिसा जमिनीपासून वीतभर. शिलाई 300, गोण्या फुकट. पाऊस आला की गुंडाळून आत घ्यायची, हे काम पाचवीच्या दोघांकडे. कपाटात पाठी दाखवून उभी असलेली पुस्तकं मुलं उचलत नव्हती, चित्र दिसलं की उचलतात. एवढं कळायला पाच आठवडे लागले.

27 जुलै

नवी पुस्तकं हवीत, पैसे थोडे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ पुस्तकं घेतली, सगळ्यात स्वस्त तीच पडली. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि छापून वाटायलाही परवानगी आहे. तालुक्याला रंगीत झेरॉक्सवाला पानाला 10 रुपये घेतो, म्हणून सहाच गोष्टी रंगीत काढल्या, बाकी काळ्या-पांढऱ्या. काळ्या-पांढऱ्या कुणी हातात धरल्या नाहीत. पुढे त्या मुलांनाच रंगवायला दिल्या, तेव्हा चालल्या. किशोर मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. प्रोजेक्टर नाही, माझ्या मोबाइलवर चौघं मिळून एक पान बघतात. गैरसोयीचं आहे, पण जुन्या जाहिराती बघायला झुंबड असते.

एक अडचण आधी ध्यानात आली नव्हती. सहावीतल्या सात मुलांना जोडाक्षरं आली की अडखळायला होतं. त्यांना पहिल्या पातळीची, म्हणजे सगळ्यात सोपी गोष्ट दिली तर "हे तर बारक्यांचं हाय" म्हणून ठेवून देतात. लाजच ती. मग त्यांना काम दिलं: शनिवारी पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायचं. आता तेच पुस्तक ते घरी नेऊन दोनदोनदा वाचतात, कारण बारक्यांपुढं अडकायचं नाही. ही युक्ती माझी नाही, चौथीच्या बाईंची.

14 ऑगस्ट

आज माझीच फजिती. परिपाठात मी उत्साहाने सांगितलं की युनेस्कोने जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलंय. टाळ्या झाल्या. सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली. "बाई, कवा जाहीर केलं? भाषणात तारीख टाकायचीय." तारीख शोधायला बसले आणि घाम फुटला. ही अफवा किती वर्षं फिरतेय, युनेस्कोने 2008 मध्येच असं काही केलेलं नाही म्हणून सांगितलंय. मी ती कुठून उचलली? आमच्याच शिक्षकांच्या ग्रुपवरून.

16 ऑगस्ट

परिपाठात उभं राहून सांगितलं की परवा मी चुकीचं सांगितलं होतं. पोरं गप्प. मग मागून एकजण: "म्हंजी बाईपण फसत्यात." बातमीचा तास खरा त्या दिवशी सुरू झाला असं म्हणायला हवं. तोवर मी जे तक्ते करून भिंतीवर लावले होते त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

दुसरा धडा लगेच घेतला. दिवाळीच्या रात्री नासाने काढलेला भारताचा फोटो म्हणून जो रंगीबेरंगी नकाशा फिरतो तो दाखवला. तो दिवाळीचा नाहीच. बरीच वर्षं रात्रीचे दिवे कसकसे वाढत गेले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा, अनेक फोटो एकत्र करून बनवलेला नकाशा आहे तो. मुलांना विचारलं, दिवाळीला आपल्या गावात निळा दिवा कुठं लागतो? एकाने सरपंचांच्या घरावरची माळ सांगितली. बरोबरच होतं त्याचं.

24 ऑगस्ट

दोन दैनिकं लावली. महिन्याला साधारण 320 रुपये, निम्मे माझे, निम्मे एका माजी विद्यार्थ्याचे. पेपर एसटीने फाट्यावर येतो, तिथून सातवीची दोघं सायकलवर आणतात. शाळेत पोचेपर्यंत साडेदहा.

पहिल्या तासाला मुलांना म्हटलं, बातमी, जाहिरात आणि कुणाचं तरी मत, असं वेगवेगळं कापून तीन वह्यांत चिकटवा. अर्ध्या तासात भांडणं. एका बाजूची बातमी कापली की मागच्या बाजूची दुसऱ्या गटाची बातमी मधूनच जाते. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. वर शिल्लक पेपर वाचायलाही कुणाला उरला नाही. तेव्हापासून कात्री बंद, रंगीत खडूने गोल करायचा. कापायचं ते आठवड्याचा पेपर जुना झाल्यावर.

जाहिरात शोधण्याचा खेळ मात्र रंगला. पूर्ण बातमीसारखी दिसणारी अर्धं पान मजकुराची चौकट, वर कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात "जाहिरात". ते अक्षर सापडलं की आरोळी.

31 ऑगस्ट

पेपरची भाषा अवघड जाते. "निवडणुकीच्या पार्श्वभूमीवर" म्हणजे काय विचारलं तर उत्तर आलं, "जमीन हाय कुठलीतरी." आणि "सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार" वर सहावीतला एकजण: "गणिताची सूत्रं बोलत्यात का, बाई?" हसून झाल्यावर त्याच प्रश्नावर तास गेला. सूत्र म्हणजे माणूस, पण नाव न सांगता बोललेला माणूस. नाव का सांगत नसेल? भीतीमुळे, असं तिघं म्हणाले. खोटं बोलायचंय म्हणून, असं बाकीचे. दोन्ही फळ्यावर लिहिलं आणि तसंच ठेवलं.

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छापखान्याचा पत्ता असतो. तो रोज मोठ्याने वाचायचा असं ठरलंय. मग मोबाइलवरचा एखादा मेसेज फळ्यावर उतरवून विचारायचं: याच्या तळाशी कुणाचं नाव? याच्याशी भांडायचं तर कुठं जायचं?

14 सप्टेंबर

गावात तीन दिवस एक आवाजी मेसेज फिरतोय. पोरं धरणारी टोळी तालुक्यात उतरलीय, बायका साड्या विकायच्या निमित्ताने येतात, वगैरे. दोन बाणांची खूण, म्हणजे खूप जणांनी पुढं ढकललेला. सहावी-सातवीला ऐकवला, तीनदा. कुणी सांगितलं, कुठं झालं, कधी झालं, एवढं ऐकून लिहा म्हटलं. तिन्ही रकाने कोरे राहिले. "आपल्या तालुक्यात" असं म्हणतो, पण तालुक्याचं नाव घेत नाही. सातवीतल्या मुलीने पकडलं: "ह्ये कुटल्याबी तालुक्यात चालतंय."

इथपर्यंत ठीक होतं. मग मी रैनपाड्याची हकीकत सांगितली. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेली मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, पोरं पळवणारी म्हणून जमावाने जिवानिशी मारली. मी जरा जास्तच तपशिलात गेले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून बाहेर गेला. त्याचे वडील डवरी गोसावी, महिनामहिना गावोगाव फिरतात. तीन वर्षं तो माझ्या वर्गात आहे. मला हे आधी सुचायला हवं होतं.

संध्याकाळी त्यांच्या पालावर जाऊन आले. त्याची आई म्हणाली, "सांगा बाई तुमी. पर त्याला आदी बाजूला घिऊन सांगायचं."

17 सप्टेंबर

मुलांनी खात्री कशी केली ते लिहिते, कारण यात इंटरनेट लागलं नाही. चौघं पोलीस पाटलांकडे गेली. त्यांनी ठाण्यात फोन लावला, अशी एकही तक्रार नाही असं उत्तर आलं. मुलांनी ते तारखेसकट वहीत लिहून पाटलांची सही घेतली. एखादा फोटो आधी कुठं आलाय ते मोबाइलवर शोधण्याची पद्धत मी दोन तास शिकवली होती. त्यासाठी टेकडीवर जाऊन रेंज धरावी लागते, आणि आवाजाच्या मेसेजला ती उपयोगाचीच नाही. फोन करता येईल अशा माणसांची यादी जास्त कामाची: पोलीस पाटील, आशाताई, ग्रामसेवक, तलाठी, पशुवैद्यकीय दवाखाना. ती दारामागे चिकटवली.

23 सप्टेंबर

एका मुलाच्या कानाखाली बसली. घरच्या ग्रुपवर चुलत्याने काहीतरी टाकलं, याने सगळ्यांदेखत "खोटं हाय" म्हटलं. वडील शाळेत आले. "पोराला शाळेत वाचायला धाडलंय, मोठ्यांची चूक काढायला नाही." मी वाद घातला नाही. त्यांचं सगळंच चुकत नव्हतं. चारचौघांत पडलेलं तोंड कुणालाच आवडत नाही.

तेव्हापासून नियम: घरी कुणाला खोटं म्हणायचं नाही. नुसतं विचारायचं, "आबा, हे तुम्हाला कुणी धाडलं?" आणि तेही एकटे असताना. दोन आठवड्यांनी मुलं सांगतायत की आजोबा लोक त्यावर स्वतःच चिडून शोधायला लागतात.

4 ऑक्टोबर

आयता धडा मिळाला. काल केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही पेपरांत पहिल्या पानावर मोठा मथळा. नुसता मथळा वाचायला दिला आणि विचारलं, काल किती भाषांना हा दर्जा मिळाला? सगळे: एक. आता बातमी शेवटपर्यंत वाचा. पाली, प्राकृत, आसामी, बंगाली आणि मराठी. पाच. मथळा खोटा नव्हता, कुणी फसवलंही नव्हतं. फक्त पुढं वाचलं नाही तर चार भाषा गळतात. अख्ख्या वर्षातला माझा सगळ्यात आवडता तास हाच. यासाठी कात्री, मोबाइल, तक्ता काही लागलं नाही. सातवीतल्या ज्या मुलांना खालचा परिच्छेद वाचताच आला नाही, त्यांच्यापाशी बसले. खरं-खोटं तपासायचं शिकवतेय म्हणते, पण मजकूर सलग वाचता येत नसेल तर तपासणार काय, हे तेव्हा नीट दिसलं. नोव्हेंबरपासून तासाचा निम्मा वेळ नुसत्या मोठ्याने वाचण्याला द्यायचा ठरवलं.

15 ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. अहवाल, फोटो, बॅनर. आजच विधानसभेची तारीख जाहीर झाली, आचारसंहिता लागली. मुख्याध्यापक म्हणाले, बातमीचा तास निकालापर्यंत बंद. मी चिडले होते, पण त्यांचंच बरोबर होतं. त्या आठवड्यात मुलं आणत होती ते निम्मे मेसेज कुठल्या ना कुठल्या पक्षाचे. त्यातला एक जरी फळ्यावर खोटा ठरवला असता तर शाळेच्या दारात माणसं आली असती. पुस्तकं चालू, बातम्या बंद. पुढे मला निवडणुकीचं काम लागलं ते वेगळंच.

13 नोव्हेंबर

कारखान्यांचं ऊसगाळप 15 तारखेपासून. गावात ट्रक लागलेत. हंगामी वसतिगृहात नाव घातलेली मुलं राहतील, पण अकरा जण आईबापांबरोबर निघाली. प्रत्येकाला कापडी पिशवी: तीन पुस्तकं, कोरी वही, दोन पेन्सिली. पिशवी शिवून 25 रुपये, एकूण 275. सहकारी म्हणाले, ही 33 पुस्तकं गेलीच म्हणून लिहा. ठराव होताच 40 चा.

रोज एक गोष्ट आवाजी मेसेजने पाठवायचीही योजना केली होती. नऊ दिवस चालली. फोन बापाच्या खिशात, बाप फडात, रात्री चार्जिंग नाही, नाहीतर रिचार्ज संपलेला. सोडून दिली. रेकॉर्डिंगला रोजचा पाऊण तास जात होता, तो वाया.

डिसेंबर, पहिला आठवडा

जंतनाशक गोळीचा दिवस. आशाताई गोळ्या घेऊन आल्या आणि सहावीतला एकजण तोंड मिटून उभा. "बाई, खात्री केली का तुमी?" त्याच्या मागे आणखी पाच. गोळीने पोरं चक्कर येऊन पडली असा मेसेज म्हणे आलाय.

दोन महिने मी फक्त खोटे मेसेजच दाखवत आले होते. एकही असा नाही की जो तपासला आणि खरा निघाला. मुलांनी त्यावरून जो अर्थ काढायचा तोच काढला: जे येतं ते खोटं.

गोळीची पट्टी हातात दिली. अल्बेंडाझोल, 400 मिलिग्रॅम, मुदतीची तारीख, सगळं मुलांनी स्वतः वाचलं. आशाताईंना प्रश्न विचारले, त्यांनी न वैतागता उत्तरं दिली, उपाशीपोटी घेऊ नका हेही सांगितलं. खिचडीनंतर सगळ्यांनी गोळी चावून खाल्ली. त्याने सगळ्यात शेवटी.

वही बदलली. आता तीन रकाने: खरं निघालं, खोटं निघालं, अजून कळलं नाही. आणि आठवड्याला निदान एक गोष्ट पहिल्या रकान्यात गेलीच पाहिजे. तिसरा रकाना सगळ्यात लांबलाय.

27 फेब्रुवारी 2025

मराठी भाषा गौरव दिन. मुलांनी स्वतःचं एक पानी भित्तिपत्रक काढलं. तळाशी मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून स्वतःची नावं घातली. पहिल्याच अंकात चूक: पाण्याच्या टाकीची क्षमता एक शून्य जास्त. ग्रामसेवकांनी येऊन सांगितलं. दुसऱ्या अंकात पहिल्याच ओळीत दुरुस्ती छापली, मी न सांगता.

भिलारला, पुस्तकांच्या गावाला, सहल न्यायची होती. गाडीचं भाडं ऐकून विषय बंद.

7 एप्रिल

फडावरची मुलं परतायला लागली. आतापर्यंत नऊ पिशव्या आल्या. एका पुस्तकावर उसाच्या रसाचे डाग, पानं एकमेकांना चिकटलेली. एकाच्या कव्हराने चुलीला वारा घातला होता, टोकं जळालेली. चौथीतल्या मुलीची वही उघडली तर पेन्सिलीने लिहिलेलं, सगळं एका ओळीत, कुठं टिंब नाही: "आज आईला हत्तीची गोस्ट वाचून दाकवली आई मधीच झोपली मंग मी पुडं मनातच वाचली." खाली तारीख नाही. तारीख घालायला मीच तर इतक्यांदा सांगितलं होतं.

24 एप्रिल

वर्षअखेरची मोजणी. पिशव्यांतली 33 पैकी 21 परत. शाळेत हरवलेली 9, फाटून गेलेली 6. वाळवीची 26 आणि आधीपासूनच कमी असलेली 41 वेगळी, त्यांचा प्रस्ताव स्वतंत्र. घरी नेलेल्या पुस्तकांच्या नोंदी 1,140 च्या वर, त्यात पहिली-दुसरीच्या बऱ्याच चुकून दोनदा लिहिलेल्या, म्हणून आकड्यावर जाऊ नका. खिशातून गेलेले पैसे सगळे धरून साडेसहा हजारांच्या आसपास.

शेवटची पिशवी आज दुपारी आली. पाचवीतला मुलगा, कोल्हापूरकडच्या कारखान्यावरून. तीनही पुस्तकं आहेत म्हणाला. मोजली, तीनच. पण तिसऱ्यावर आमच्या शाळेचा शिक्का नाही, तिकडच्या एका जिल्हा परिषद शाळेचा आहे.

"तितल्या पोरीनं आपलं वाचायला घेतलं, तिचं मला दिलं. मग आमचा ट्रक निगाला."

नोंदवहीत याला रकाना नाही. जमा म्हणून घेता येत नाही, हरवलं असंही लिहिता येत नाही. शेऱ्यात लिहिलं: अदलाबदल. त्यांच्या मुख्याध्यापकांना पत्र आणि पुस्तक उद्या पोस्टाने पाठवतेय. मुलगा म्हणतोय, दोन दिवस थांबा, त्याची शेवटची दहा पानं राहिलीत.